रिसोडचा क्रमांक ०७२५१ : संभाषणाआधीच्या इतिहासाविषयी

१/ दुकानाच्या पाटीवर, अडत्याच्या पावतीपुस्तकावर, लग्नपत्रिकेच्या तळाशी एके काळी कंसात एक आकडा हमखास छापलेला असे. रिसोडसाठी तो ०७२५१. मोबाइलच्या दहा अंकांत वाढलेल्या पिढीला तो कंस निरर्थक वाटतो. प्रत्यक्षात रिसोडविषयीच्या अर्वाचीन दस्तऐवजांत या पाच अंकांइतका बोलका दस्तऐवज क्वचितच सापडेल. हा धागा त्याविषयी, आणि दूरध्वनीचा इतिहास चुकीच्या ठिकाणाहून सुरू करण्याच्या आपल्या सवयीविषयी.

२/ ती सवय अशी. दूरध्वनीचा इतिहास म्हटला की ग्रॅहम बेल येतो, मग १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे उघडलेली एक्स्चेंजे येतात, मग सॅम पित्रोदा, आणि शेवटी ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी केलेला पहिला मोबाइल कॉल. हा सारा यंत्रांचा आणि पुढाऱ्यांचा इतिहास झाला. दोन माणसे बोलू लागण्यापूर्वी यंत्रे एकमेकांशी जे बोलतात, त्याला अभियंते सिग्नलिंग म्हणतात. कोणी कोणाला मागितले, वाट मोकळी आहे काय, घंटा वाजली काय, उचलले काय, पैसे केव्हापासून मोजायचे, ही सगळी देवाणघेवाण त्यात येते. गावाला दूरध्वनी मिळाला म्हणजे त्याला आवाज मिळाला, असे सरसकट लिहिले जाते. परंतु स्वतःच्या बोटाने जगाला हाक घालण्याचा अधिकार ही निराळी गोष्ट होती, आणि ती बरीच उशिरा आली.

३/ त्याआधी ट्रंक कॉल होता. गावच्या एक्स्चेंजमधील ऑपरेटरला क्रमांक सांगायचा, फोन ठेवायचा आणि वाट पाहायची. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल असे दर्जे होते. लाइटनिंगला साध्याच्या आठपट आकार पडे. वर पी. पी. कॉल, म्हणजे विशिष्ट व्यक्तीच फोनवर आली तर बोलायचे. सिग्नलिंगचे सारे काम येथे माणूस करी. डॉक्टर दवाखान्यात नसतील तर घरी लावून पाहण्याची समज त्याच्यापाशी होती. ती पुढच्या कोणत्याही यंत्राला अनेक दशके आली नाही. पण गावातला प्रत्येक निरोप एका कानावरून जात असे, हेही तितकेच खरे.

४/ मध्यस्थ काढून टाकण्याची कल्पना जुनी. कॅन्सस सिटीतील अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्या आल्मन स्ट्राउजरने १८९१ साली स्वयंचलित स्विचचे पेटंट घेतले. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला अविश्वास महत्त्वाचा. यंत्र आले ते वेगासाठी जितके, तितकेच निःपक्षपातीपणासाठी.

५/ आता फिरत्या तबकडीचा फोन डोळ्यांपुढे आणावा. रिसीव्हर उचलला की तारेचे मंडल पूर्ण होते आणि एक्स्चेंजला कळते की कोणाला तरी बोलायचे आहे. डायल टोन म्हणजे त्याचे उत्तर : सांगा, ऐकतो आहे. मग तबकडी परत फिरताना ते मंडल क्षणभर तुटते. ३ साठी तीन वेळा, ७ साठी सात वेळा, ० साठी दहा वेळा. वेग सेकंदाला दहा. म्हणजे मुंबईहून रिसोड मागणाऱ्याला आधी दहा, सात, दोन, पाच आणि एक, असे एकंदर पंचवीस तुटक ठोके पाठवावे लागत. गावातला क्रमांक त्यानंतर.

६/ हीच बेरीज इतर शहरांसाठी करून पाहावी. दिल्ली, ०११ : बारा ठोके. मुंबई, ०२२ : चौदा. कलकत्ता, ०३३ : सोळा. मद्रास, ०४४ : अठरा. नागपूर, ०७१२ : वीस. रिसोड : पंचवीस. अमेरिकेत १९४७ साली न्यूयॉर्कला २१२ आणि लॉस एंजेलिसला २१३ देताना हाच विचार झाला होता. जेथे जास्त कॉल जातात तेथे ठोके कमी, म्हणजे अंक टिपून घेणारी महागडी यंत्रे लवकर मोकळी होतात. हिशेब निर्दोष आहे. पण प्रजासत्ताकातील शहरांचा मानक्रम इतक्या उघडपणे अन्य कोठे लिहिलेला नाही, आणि तो कोणत्याही राजपत्रात न छापता प्रत्येकाच्या बोटांना पाठ झाला होता.

७/ यापुढचा भाग वऱ्हाडच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी.

रिसोडचा कोड ०७२५१, वाशीमचा ०७२५२, अकोल्याचा ०७२४, अमरावतीचा ०७२१, यवतमाळचा ०७२३२, बुलढाण्याचा ०७२६२. म्हणजे जुना वऱ्हाड सारा ०७२ खाली नांदतो. नागपूर ०७१२. आता राज्याबाहेर पाहावे : जबलपूर ०७६१, भोपाळ ०७५५, रायपूर ०७७१. आणि पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गेले की हिंगोली ०२४५६, परभणी ०२४५२, नांदेड ०२४६२. तेथून मुंबईपर्यंत सगळीकडे ०२.

८/ रिसोड आणि हिंगोली हे शेजारी. तालुक्याच्या सीमेवरून दिसणारे शेत दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या महसुली विभागात आणि दूरध्वनीच्या दुसऱ्याच विश्वात. ही सीमा दूरध्वनीने आखलेली नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हा वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात गेला. पैनगंगेपलीकडचा मराठवाडा निजामाकडेच राहिला. १९५६ साली विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही एकाच वेळी मुंबई राज्यात आले. २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, तेव्हा दोघेही महाराष्ट्रात होते. तरी अंक वाटताना मराठवाडा मुंबईच्या ०२ मध्ये गेला आणि विदर्भ जबलपूर-रायपूरच्या ०७ मध्ये राहिला.

९/ येथे घाईने निष्कर्ष काढणारे चुकतात. कोड म्हणजे जुन्या प्रांतांची नक्कल, असे म्हणता येत नाही. सुरत ०२६१ आणि वडोदरा ०२६५ असताना अहमदाबाद मात्र ०७९ आहे. बेळगाव ०८३१ आणि लगेच पणजी ०८३२. गोव्याचा अंक शेजारच्या सावंतवाडीपासून फटकून बेळगावच्या पंक्तीला बसलेला. हे अंक तारांच्या जाळ्याचे चित्र काढतात : कोणत्या गावाचा कॉल कोणत्या मोठ्या केंद्रातून फिरणार, याचे. परंतु तारा कोठून कोठे जाव्यात, हे त्यांच्या आधी रेल्वेने, रस्त्यांनी आणि कचेऱ्यांनी ठरवलेले असते. पन्नास वर्षे नागपूर ज्या प्रदेशाची राजधानी होती, त्या प्रदेशाची वाहतूक नागपुरातच गोळा होणार. प्रांत नकाशावरून गेला. त्याने पाडलेल्या वाटा उरल्या. वऱ्हाडचा इतिहास १९५६ वर संपवणाऱ्या पुस्तकांना हा पुरावा दिसत नाही, कारण तो एक्स्चेंजच्या कपाटात होता आणि इतिहासकार पुराभिलेखागारात होते.

१०/ आता पंचवीस ठोके खात्रीने पोहोचायचे कसे, हा प्रश्न.

शहरांतर्गत तारेवर ठोके चालून जात. शेकडो किलोमीटरवर, अनेक एक्स्चेंजांच्या साखळीतून ते विस्कटत. म्हणून मोठ्या एक्स्चेंजांनी एकमेकांशी सुरांत बोलायला सुरुवात केली. भारतात रूढ झालेल्या आर-टू पद्धतीत सहा ठरलेल्या सुरांपैकी दोन एकाच वेळी वाजवले जातात. सहातून दोन निवडण्याचे पंधरा प्रकार होतात, तेवढेच पंधरा संकेत. खरी युक्ती पुढे आहे. पाठवणारे एक्स्चेंज अंकाचा सूर वाजवत राहते, तो थांबवत नाही. पलीकडचे एक्स्चेंज उलट दिशेने दुसरा सूर पाठवते : मिळाला, पुढचा दे. तो ऐकू आल्यावरच पहिला सूर थांबतो. भरलेली घागर दुसऱ्याच्या हाती देताना त्याची पकड बसेपर्यंत आपला हात कोणी काढत नाही. ही पद्धत मंद आहे, पण तार कितीही खराब असली तरी अंक सांडत नाही. विश्वासार्हता आणि वेग यांतला हा पहिला उघड सौदा, आणि दुष्काळी तारांच्या देशात तो योग्य होता.

११/ सौदा उलटा केला की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९६४ साली बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बेल्जियमच्या कंपनीशी करार करून पेंटाकोंटा नावाची क्रॉसबार एक्स्चेंजे आणली. युरोपात उत्तम चाललेले ते यंत्र येथील महानगरांत गुदमरले. कारण तांत्रिक दिसते, मूळ सामाजिक आहे. ज्या देशात घराघरात फोन असतो तेथे एका फोनवर दिवसाला मोजके कॉल होतात. येथे एक फोन अख्ख्या आळीचा. शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्रिकेवर छापून पुढे ‘पी. पी.’ लिहिण्याची रीत होती. टंचाईनेच गर्दी निर्माण केली.

१२/ त्यात एक दुष्टचक्र आहे. कॉल लागला नाही की माणूस पुन्हा फिरवतो. प्रत्येक फसलेला प्रयत्न एक्स्चेंजच्या नियंत्रण यंत्रणेला तेवढेच काम देतो जेवढे यशस्वी कॉल देतो. बोलणारे कमी होतात आणि मागणारे वाढतात. तारा रिकाम्या आणि मेंदू थकलेला. म्हणून एक्स्चेंजची ताकद किती लोक बोलू शकतात यावर मोजत नाहीत, तर गर्दीच्या तासात किती प्रयत्न झेलता येतात यावर मोजतात. दहावीच्या निकालाचा दिवस ज्यांना आठवतो त्यांना हे मोजमाप समजावून सांगावे लागणार नाही.

१३/ ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली ती या पार्श्वभूमीवर. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये ही घोषणा सर्वांना पाठ आहे, पित्रोदांचे नावही. जे पाठ नाही ते असे, की संस्थेच्या हाताशी पहिल्या दिवसापासून जाणती माणसे होती. त्यांतला मोठा गट मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आला होता, जेथे डॉ. एम. व्ही. पिटके आणि त्यांचे सहकारी सैन्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्विचवर आधीच काम करीत होते. दुसरा गट टपाल-तार खात्याच्या संशोधन केंद्रातून, जी. बी. मीमांसी यांच्यासह. क्रांती एका माणसाच्या विमानातून उतरली, ही कथा सांगायला सोपी आहे. ती सांगणाऱ्यांनी कुलाब्याची आधीची वर्षे वगळू नयेत.

१४/ सी-डॉटचे पहिले मोठे यश महानगरात आले नाही. जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १२८ जोडबिंदूंचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, लाडके नाव रॅक्स, सुरू झाले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. हे वाक्य आज क्षुल्लक वाटते. मे महिन्यातील वऱ्हाडात, जेथे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि वीज जाते-येते, तेथे तेच सर्वांत क्रांतिकारक होते. त्या काळची परदेशी डिजिटल एक्स्चेंजे थंड, धूळमुक्त खोली मागत. ती खोलीच गावात नव्हती. विश्वासार्हता म्हणजे कधीही न बिघडणारे यंत्र, अशी व्याख्या प्रयोगशाळेत चालते. रॅक्सने दुसरी व्याख्या दिली : नियंत्रणाची जोडी ठेवा, एक गेले तर दुसरे कॉल सांभाळेल, आणि बिघाड झालाच तर पत्ते बदलल्यासारखे कार्ड बदलता यावे, तेही तालुक्याच्या तंत्रज्ञाला.

१५/ प्रशंसा येथे थांबवून एक तक्रार नोंदवणे भाग आहे. रॅक्सने गावाला गावाशी उत्तम जोडले. गावाबाहेर जाणाऱ्या वाहिन्या मात्र मोजक्याच असत. एक्स्चेंजच्या आत वाट अडत नसे. वेशीवर अडत असे. शेतमालाचा भाव अकोल्याहून विचारायचा आहे, मुलगा पुण्यात शिकतो आहे, अशा घराला शेजाऱ्याशी बोलण्याची सोय दुय्यम होती. प्रत्येक तालुक्याला स्वतःचा कोड असावा म्हणून देशाचे सव्वीसशेहून अधिक लघु-अंतर आकारणी क्षेत्रांत विभाजन झाले. पण कोड असणे आणि कोड लागणे यांत अंतर होते. ते भरून काढले पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओने, जेथे रात्री दर उतरल्यावर रांग लागे आणि काचेच्या खोक्यातला मीटर पळे. तो मीटर पळायला लागे तोही सिग्नलिंगमुळेच : पलीकडे उचलले गेले, हे एक्स्चेंजने तारेवरून कळवल्याखेरीज पैसे सुरू होत नसत.

१६/ सुरांच्या पद्धतीला एक मर्म होते. ज्या तारेवर माणूस बोलतो त्याच तारेवर यंत्रेही बोलत. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत काही पोरांनी २६०० हर्ट्झची शिट्टी वाजवून लांब पल्ल्याच्या एक्स्चेंजांना फसवले आणि फुकट कॉल केले. यावर उपाय म्हणून, आणि वेगासाठीही, संकेतांची वाट आवाजाच्या वाटेपासून वेगळी काढण्यात आली. १९८० साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली ही पद्धत म्हणजे कॉमन चॅनल सिग्नलिंग क्रमांक सात. भारतात ती नव्वदच्या दशकात पसरली.

१७/ तिची रचना पाहिली की अभियंत्यांच्या निराशावादाविषयी आदर वाटतो. प्रत्येक संदेशाला क्रमांक. पोहोच आली नाही तर पुन्हा पाठवायचा. मार्ग दाखवणारी केंद्रे नेहमी जोडीने. आणि प्रत्येक दुव्यावर क्षमतेच्या साधारण चाळीस टक्केच भार, कारण जोडीदार कोसळला तर त्याचा सगळा भार उचलूनही श्वास घ्यायला जागा उरली पाहिजे. निम्म्याहून अधिक क्षमता रोज रिकामी ठेवणे, हे काटकसरीच्या हिशेबनिसाला उधळपट्टी वाटेल. सुगीची पेंढी मोजताना बियाणे बाजूला काढणाऱ्या कुणब्याला ते लगेच पटेल.

१८/ आता मिस्ड कॉल. समाजशास्त्रज्ञांनी त्याला गरिबाची युक्ती म्हणून गौरवले. त्याच्या पोटात शिरून पाहिले तर तो शुद्ध सिग्नलिंग आहे. पहिला संदेश जातो : या क्रमांकाशी जोडणी हवी. परत येतो : पत्ता पूर्ण आहे, घंटा वाजते आहे. उचलले असते तर ‘उत्तर आले’ हा संदेश आला असता आणि आकारणी सुरू झाली असती. त्याआधीच फोन ठेवला, म्हणून ‘सोडून द्या’ एवढाच संदेश गेला. सारे जाळे राबले, निरोप पोहोचला, बिल शून्य. ‘गाडी निघाली’, ‘दूध घेऊन ये’, ‘पोहोचलो’ हे सगळे अर्थ त्या रिकाम्या घंटेत लोकांनी स्वतः भरले. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या २०११ च्या आंदोलनात तर मिस्ड कॉल हीच पाठिंब्याची सही ठरली.

१९/ एसएमएस हेही त्याच मुशीतले. संकेतांच्या वाटेवरील मोकळ्या जागेत छोटा मजकूर बसवण्याची ती कल्पना; म्हणून १६० अक्षरांची मर्यादा. देवनागरीत ती ७० वर येते. मराठी माणसे वर्षानुवर्षे रोमन लिपीत ‘कसा आहेस’ लिहीत राहिली त्यामागे फोनच्या कळांइतकाच हा हिशेबही होता. मराठीच्या न्यूनगंडावर लेख लिहिणाऱ्यांनी तो एकदा विचारात घ्यावा.

२०/ आणि सर्वांत सुंदर उदाहरण शेतातले. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी बनवलेल्या ‘नॅनो गणेश’मध्ये विहिरीवरच्या पंपाला मोबाइलशी जोडलेले छोटे यंत्र बसते. शेतकरी फोन लावतो, ठरलेल्या कळा दाबतो, आणि कळांच्या सुरांवरून यंत्र पंप सुरू वा बंद करते. वीज आहे काय, हेही कळते. भारनियमनाने रात्री दोनला वीज यायची आणि अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जायचे, ही ज्या प्रदेशाची दिनचर्या होती, तेथे या उपयोजनाचे मोल आकड्यांत सांगता येत नाही. ज्या सुरांनी कधी एक्स्चेंज एक्स्चेंजला अंक सांगत, त्याच जातीच्या सुरांनी घर विहिरीला सांगू लागले. विश्वासार्हतेची कसोटीही तीच : संकेत पोहोचला, याची पोहोच परत आली पाहिजे. नाहीतर जुनी वाट आहेच, बॅटरी घेऊन.

२१/ या वारशाची काळी बाजूही आहे. क्रमांक सात रचली गेली तेव्हा जगात मोजक्या, बहुतांशी सरकारी दूरध्वनी कंपन्या होत्या; त्या एकमेकींवर विसंबत. आलेला संदेश खरेच म्हणतो त्याच्याकडून आला काय, हे तपासण्याची पुरेशी तरतूद तिच्यात नव्हती. २०१४ च्या डिसेंबरात हॅम्बुर्ग येथील परिषदेत संशोधकांनी या वाटेने कोणाचाही ठावठिकाणा काढता येतो, हे दाखवले. २०१७ साली जर्मनीत बँकांचे ओटीपी याच वाटेने पळवून खाती रिकामी केली गेली. गावातल्या बँकेचा ओटीपी जेव्हा जेव्हा एसएमएसने येतो, तेव्हा तो सत्तरच्या दशकातील सौजन्यावर भरवसा ठेवून येतो. तुटणाऱ्या तारेसाठी इतकी काळजी घेणाऱ्यांनी लबाड शेजाऱ्याचा विचार केला नाही. त्यांच्या जगात तो नव्हता.

२२/ जुने स्विच आता निघत चालले आहेत, त्यांच्या जागी पॅकेटवर चालणारी यंत्रणा येते आहे. यंत्रे जाणारच, त्यांचे दुःख करण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याबरोबर बिघाड-नोंदवह्या, ट्रंक बुकिंगच्या चिठ्ठ्या, जिल्ह्याच्या दूरध्वनी निर्देशिका रद्दीत जातात. पेशव्यांच्या रुमालांची आपण पूजा करतो, आणि १९७५ साली रिसोडात कोणाकडे फोन होता याची यादी किलोने विकतो. तालुक्यातील पैसा, जात, व्यापार आणि सत्ता यांचा असा छापील, वर्षानुवर्षांचा नकाशा दुसरा मिळणार नाही.

२३/ काम घरातूनही सुरू होते. माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या लग्नपत्रिका असतात. त्या वर्षांनुसार लावाव्यात. तळाशी पहिल्यांदा क्रमांक केव्हा येतो, त्यापुढे ‘पी. पी.’ केव्हापर्यंत टिकते, कंसातले ०७२५१ कोणत्या वर्षी उगवते, आणि दहा अंकी मोबाइल त्याला कधी हटवतो, हे टिपून ठेवावे. १ जुलै १९९८ नंतरच्या पत्रिकांवर ‘जि. अकोला’ जाऊन ‘जि. वाशीम’ आलेले दिसेल. कंसातला आकडा तोच असेल.